तीन बोटं बाजूला

मी पडदा बोलतोय. नाटकातला नव्हे आणि खिडकीवरचाही नव्हे. चित्र दाखवणारा, भिंतीवरचा. माझ्यापुढे कसला खास चष्मा न लावता बसावं आणि चित्रातलं माणूस हात लांबवला तर हाताला लागेल असं वाटावं, एवढ्यासाठी माझा जन्म.

माझ्या अंगावरून नख फिरवा, खर्रकन वाजेल. काचेवर केसाएवढ्या बारीक उभ्या रेघा आहेत. त्यांच्याखाली दोन चित्रं चिरलेली, याची एक पट्टी, त्याची एक पट्टी, अशी गुंफलेली. एक चित्र डाव्या डोळ्याला जातं, दुसरं उजव्याला. दोन्ही डोक्यात जाऊन भेटली की माणूस भिंतीपासून सुटून पुढे येतं. पण बसायची जागा ठरलेली. तीन बोटं सरकलात की डाव्याचं उजव्याला जातं, मग नाक आत आणि भिंत बाहेर.

मला घडवलं एका लेकीने. अशा चित्रांचीच तिची नोकरी, परगावी. आई गेली आणि मागे शिवणयंत्रावर बसलेला तिचा एकच धड फोटो उरला.

"बाबा, आईला तुमच्यासमोर आणून बसवते," लेक फोनवर म्हणाली.

"बसव. पण ती बसली की मला कामाला लावेल हो."

आता एका फोटोची दोन चित्रं करायची म्हणजे खायचं काम नाही. आहे तो फोटो उजव्या डोळ्याला दिला. डाव्याचं चित्र संगणकाकडून रचून घेतलं. जवळचं जास्त सरकवायचं, लांबचं कमी. सरकवलं की मागे भोक पडतं, कारण तिथे काय होतं ते फोटोला ठाऊकच नसतं. मग संगणक अंदाजाने ठिगळ लावतो. आईच्या कानामागे असंच भोक पडलं, तिथे त्याने गुळगुळीत कातडी लावून दिली. "अरे, इथे तीळ होता," लेक स्वतःशीच म्हणाली, आणि तो तिने आठवणीतून काढून घातला. असली भोकं बुजवण्यात आठ महिने गेले.

मग मी बाबांच्या घरी आलो. लेकीने जमिनीवर चिकटपट्टीची खूण केली, खुणेवर खुर्ची ठेवली, खुर्चीत बाबांना.

"दिसली?"

"दिसली की. अगदी पुढ्यात आली."

"आणि कानामागचा तीळ?"

बाबांनी मान जरा पुढे काढली. "तोही दिसला. कसा नाही दिसणार?"

लेक हसली, रडली आणि कामावर परत गेली.

दुसऱ्या दिवसापासून बाबा तीळ शोधायला लागले. वाकून बघ, मान वळवून बघ, खुर्ची इकडे ओढ, तिकडे ओढ. एका सकाळी खुर्ची तीन बोटं सरकली आणि ते थबकले. हवेतच बोट उचलून धरलं, जसं काही तिच्या कानामागे टेकवलंय. तेव्हापासून खुर्ची तिथेच.

लेक सुट्टीला आली ती नेमकी त्या खुर्चीत बसली.

"बाबा, खुर्ची कुणी हलवली? इथून आईचा चेहरा खचलेला दिसतोय. भिंत अंगावर येतेय."

"राहू दे गं. इथून तिचा तीळ दिसतो."

"खुणेवरून नाही दिसत?"

बाबांनी चष्मा काढून पुसायला घेतला. "नाही दिसत."

तीळ फक्त डाव्या चित्रात होता आणि इथून ते चित्र उजव्या डोळ्याला जातं, हे त्या घरात दोघांनाच माहीत. तिला आणि मला. तिने बाबांच्या उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला.

"किती बोटं?"

"मोजायला मी तुला शिकवलं, आणि आता तू माझी परीक्षा घेतेस होय?"

"किती, बाबा?"

"काळोख आहे गं सगळा."

मी घडत होतो तेव्हाच त्या डाव्या डोळ्यावर काळी झालर उतरायला लागली होती. डॉक्टर म्हणाले होते, आजच्या आज मोठ्या दवाखान्यात जा, सोबत कुणी तरी न्या. बाबांनी फोन लावला होता. लेक म्हणाली, "बाबा, आईच्या कानापाशी अडलेय, नंतर बोलू?" "कर तू तुझं," म्हणाले आणि फोन ठेवला. नंतर गेले तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता उशीर झाला.

म्हणजे लेकीने आठ महिने जे चित्र रचलं, ते खुणेवर बसलं की विझलेल्या डोळ्यावर पडत होतं.

आता तिने दोन्ही डोळ्यांना तेच तिळाचं चित्र लावून दिलंय. कुठूनही बघा, आई दिसते, सपाट. मी विजेवर चालणारा साधा फोटो झालो. रेघांत धूळ बसते. लेक नोकरी सोडून आली आहे. दुपारी बाबांशेजारी स्टूल ओढून बसते, आपला डावा डोळा झाकते आणि माझ्याकडे बघत राहते.

"हात काढ," बाबा म्हणतात. "तुझे तरी नीट राहू देत."

ती काढत नाही. एक डोळा त्यांचा, एक तिचा. मोजायला दोन होतात. पण दोन माणसांच्या दोन डोळ्यांनी भिंतीवरचं माणूस पुढे येत नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक?

तुम्हाला एकच सांगणं. तुमचं म्हातारं माणूस "दिसतंय" म्हणालं तर लगेच हसू नका. त्याचा एक डोळा झाका आणि विचारा. मग दुसरा झाका आणि विचारा. या घरात ते वेळेवर कुणी विचारलं नाही. आता खुर्ची कुठेही ठेवली तरी सारखंच, पण ती अजून खुणेपासून तीन बोटं बाजूला आहे.