पोस्टरवरचा प्रफुल

मंगली आपल्या पोराला घेऊन दारात उभी राहिली तेव्हा रंभा अंगणात झिंगे वाळत घालत होती. पौषातलं ऊन, झिंग्यांना चांगलं. बाई ओळखीची नव्हती. पायांवर धुळीचा थर, हातात कापडी पिशवी. मागं तिचा उंच, सडपातळ पोरगा होता. तो अंगणातल्या कोंबड्यांकडे असं मन लावून बघत होता की माणसांकडे बघायची पाळीच येऊ नये. रंभेला ते बघणं ओळखीचं वाटलं.

"प्रफुलचं घर हेच ना बाई?" मंगलीनं विचारलं. "पोस्टरवरच्या प्रफुलचं?"

ओसरीवर रंभेचा नवरा मुखरू फाटलेलं जाळं सांधत बसला होता. त्याचा हात थांबला.

गावात शिरल्यापासून मंगलीनं ठिकठिकाणी विचारलं असणार, पानटपरीवर, पारावर, हातपंपावर. सगळ्यांनी नुसतं बोट दाखवून वाट सांगितली. एरवी हे गाव असं की पाहुण्यानं पाणी मागितलं तर पाण्याआधी शेजाऱ्याच्या भानगडी ऐकवतं. आज एकाचंही तोंड उघडलं नाही. याला भलेपणा म्हणायचं तर म्हणा, मी भेकडपणा म्हणेन. सांगायचं काम त्यांनी रंभेच्या अंगावर टाकलं आणि मोकळे झाले.

"हो जी, हेच," रंभा म्हणाली. "या, बसा."

प्रफुल हा रंभा-मुखरूचा एकुलता एक पोरगा. बारावी झाल्यावर त्याला कुणी नसताना माणसं बोलताना ऐकू येऊ लागली. आईनं वाढलेल्या भातात विष आहे म्हणून तो ताट सारायचा. अंगारे झाले, दोरे झाले, एक कोंबडा आणि दोन बकऱ्या त्यात गेल्या. शेवटी गावच्या उपकेंद्रातली सिस्टर हात धुऊन मागं लागली आणि त्याला चंद्रपूरला डॉक्टरकडे घेऊन गेली. गोळ्या सुरू झाल्या आणि पोरगा खरोखर सावरला. तलावावर जाऊ लागला, हसू लागला. त्या हसण्यावर जनजागृतीवाल्या संस्थेच्या लोकांची नजर गेली. त्यांनी त्याचा फोटो काढला. हातात भलीमोठी मरळ, मागं तलाव, गावाचं नाव, आणि खाली ठळक अक्षरं, 'मी आजार लपवला नाही. उपचार घेतले. मी बरा झालो.' दवाखाने, एसटी स्टँड, शाळा, सगळीकडं तो लागला. मासा एवढा झोकात आला होता की बऱ्याच जणांना ती मासेविक्रीची जाहिरात वाटली.

मंगली आरमोरीकडून आली होती, वैनगंगेच्या पलीकडून. पहाटे निघून नागभीडला गाडी धरली, मूलला उतरली, पुढं काळीपिवळी जीपमध्ये कोंबून घेतलं. पाणी पिऊन झाल्यावर तिनं पोराच्या मोबाइलमधला फोटो रंभेसमोर धरला. त्यांच्या गावच्या दवाखान्यात गेल्या पावसाळ्यात पोस्टर लागलं होतं, त्याचाच तो फोटो.

"हा आमचा देवानंद," ती पोराकडं बघत म्हणाली. "याचं बी तसंच झालं होतं जी. रानात पळून जाये. हे पोस्टर पाह्यलं अन् मी याले दवाखान्यात नेलं. आता बेस आहे. तुमच्या पोरानं माह्या पोराले वाचवलं बाई."

रंभा बघत राहिली. मोबाइलमध्ये तिचा पोरगा दात काढून हसत होता. गावच्या उपकेंद्रातलं पोस्टर तिनं सिस्टरला सांगून काढून घेतलं होतं. दुसरीकडची कोण काढणार?

"पोरगा कुठी आहे?" मंगलीनं विचारलं.

"बल्लारपूरले गेला कामाले," रंभा म्हणाली.

तोंडातून निघून गेलं. प्रफुल श्रावणात गेला होता. तेव्हापासून घरी येणारा प्रत्येक माणूस पडलेल्या चेहऱ्यानं यायचा आणि प्रफुलचं नाव घेताना आवाज खाली आणायचा. ही पहिलीच बाई, जिच्या लेखी तो जिवंत होता. रंभेला ते मोडवेना. थोडा वेळ तरी असू दे, एवढंच तिच्या मनात आलं.

"मंग थांबतो आमी," मंगली ऐसपैस बसत म्हणाली. "संध्याकारी येईन ना? याले भेटाचं आहे त्याले. सारा रस्ता तेच बोलून राह्यला."

आता आली का पंचाईत! रंभेनं मुखरूकडं पाहिलं. मुखरू जाळ्यात डोकं खुपसून बसला होता. लग्न झाल्यापासून हा माणूस अडचणीच्या वेळी असाच जाळ्यात शिरायचा.

रंभेनं चूल पेटवली. भात टाकला, मासळीचा रस्सा केला. मंगली बाजूला बसून लसूण सोलू लागली आणि विचारत राहिली. प्रफुलला काय आवडते? चिडते का? झोप नीट लागते का? रंभा सांगत गेली. झिंग्याची चटणी आवडते. चिडत नाही, आता नाही. सकाळी सगळ्यांच्या आधी उठून तलावावर जाते. 'जात होता' असं म्हणायचं सोडून 'जाते' म्हणताना तिच्या जिवाला गार वाटत होतं. कितीतरी दिवसांनी तिचा पोरगा तिच्या तोंडून उठत होता, जेवत होता, चटणी मागत होता. देवानंद दाराशी पाय पोटाशी घेऊन बसला होता आणि एकेक शब्द ऐकत होता.

"लगन झालं त्याचं?"

"झालं."

"सून दिसत नाई."

"मायेरी गेली. पुनम नाव तिचं."

यात खोटं काही नव्हतं. पुनम माहेरी गेली ती कायमची, एवढंच सांगायचं राहिलं.

मंगलीनं लसणाची वाटी खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि जवळ सरकली. तेव्हा कुठं रंभेला कळलं, बाई एवढा प्रवास करून नुसते आभार मानायला आलेली नाही.

"देवानंदचं जुळलं," मंगली हळू आवाजात म्हणाली. "माघात लगन. पोरगी चांगली आहे, हसतमुख. पन तिच्या घरच्यायले आमी आजाराचं काही सांगतलं नाई. पोस्टरवर लिवते, लपवू नका. लिवणाऱ्याचं काय जाते? त्याले का पोरगा उजवाचा आहे? म्हनलं, त्या मायलेच इचारू. तुमी सांगतलं होतं का बाई?"

रस्सा उकळत होता. रंभेनं उगाच तो ढवळला.

"नाई," ती म्हणाली. "नाई सांगतलं."

मंगलीचा चेहरा एकदम उजळला. "पाह्य!" ती पोराला म्हणाली. "म्हनलं नव्हतं तुले? अन् तरी सारं बेस झालं ना?" मग पुन्हा रंभेकडं वळली. "मी याले सांगून ठेवलं, हळद लागली का गोळ्या थोडे दिवस बंद ठेवजो. पोरगी घरात रुळेपर्यंत. मंग हळूच सुरू करू. बरोबर आहे ना?"

रंभेच्या हातातला पळा चुलीच्या कडेला आपटला.

हेच रंभाही एकदा बोलली होती. शब्दसुद्धा हेच. इकडच्या गावांत सगळीकडं पोस्टर लागलेलं, म्हणून प्रफुलला इथं कुणी मुलगी देईना. पोस्टर बघून लोक त्याला शाबासकी द्यायचे, दवाखान्यात त्याच्याशी हात मिळवायचे, पण सोयरिकीचं नाव काढलं की सगळ्यांना एकदम शेतीची कामं आठवायची. तेव्हा रंभेनं नदीपलीकडं, जिथं पोस्टर पोचलं नव्हतं, तिथं मुलगी शोधली. गावोगाव ज्याच्या तोंडून 'लपवू नका' सांगितलं जात होतं, त्या पोराला आजार लपवून तिनं बाशिंग बांधलं. पुनम घरात आली. प्रफुल आधी गोठ्यात जाऊन गोळ्या खायचा. एकदा पुनमनं त्याला पाहिलं आणि कसल्या गोळ्या म्हणून विचारलं. त्याच दुपारी रंभेनं पोराला बाजूला घेऊन सांगितलं, आता तू बरा आहेस, थोडे दिवस राहू दे, पोरगी रुळेपर्यंत. आणि तो आईचं ऐकणारा पोरगा होता.

पावसाळ्यात त्याचं बोलणं तुटलं. पुन्हा ताट सारू लागला. आज नेऊ, उद्या नेऊ, सुनेला काय सांगू, यात रंभेनं दिवस घालवले. श्रावणात एका सकाळी तो जाळं न घेता तलावावर गेला. गावानं पाय घसरला म्हटलं. तलावात वाढलेल्या, मासेमार ढिवराच्या पोराचा पाय घसरला! पण तसं म्हणणं सगळ्यांच्याच सोयीचं होतं, आणि रंभेच्या सर्वांत जास्त. दुपारच्या त्या बोलण्याचं तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं, मुखरूलासुद्धा नाही.

आता नुसतं 'हो' म्हटलं असतं तर काम भागलं असतं. प्रफुलला कामावर उशीर झाला म्हणायचं, मायलेकांना शेवटच्या गाडीत बसवून द्यायचं. मंगली खुशीत गेली असती. मुखरूला काही कळलं नसतं. रंभेनं दाराशी बसलेल्या देवानंदकडं पाहिलं. तो आपल्या आईकडं पाहत होता, आईचं ऐकणाऱ्या पोरासारखा.

"नाई बाई," रंभा म्हणाली. "बरोबर नाई."

मंगलीला वाटलं, गोळ्यांचा काही नियम सांगते आहे. "मंग कसं कराचं?"

"तो संध्याकारी येनार नाई. कधीच येनार नाई. श्रावनात गेला तो." रंभेचा आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. "गोळ्या बंद केल्या म्हनून गेला. अन् बंद त्यानं नाई केल्या. मीनंच सांगतलं त्याले. तुमी आता बोलल्या ना, तसंच. पोरगी रुळेपर्यंत."

मंगली ताडकन उठली आणि देवानंदचा दंड धरला, जणू या घरातली हवा त्याला लागू नये. "मंग खोटं काऊन बोलल्या? सकारपासून आमी पोराले धीर देऊन राह्यलो, चाल, तो बरा झाला, त्याले भेटू! कोन बरा झाला? पोस्टर खोटं, तुमी खोट्या!"

"पोस्टर खोटं नाई," रंभा म्हणाली. "फोटो काढला तवा तो खरंच बरा होता. आज बी राह्यला असता. खोटी मी. सिस्टर दर महिन्याले सांगे, बंद करू नका, बंद करू नका. मी हो हो करो. साऱ्या जिल्ह्याले समजलं बाई, पोस्टरवाल्याच्या मायले नाई समजलं."

तिला रडू फुटलं. श्रावणात ती रडली होती, पण ते चारचौघींच्या गळ्यात पडून, नशिबाला बोल लावत. हे रडणं वेगळं होतं. यात गळ्यात घ्यायला कुणी नव्हतं आणि बोल लावायला स्वतःखेरीज कुणी नव्हतं.

ओसरीवरून मुखरू बोलला. डोकं त्यानं वर केलं नाही.

"मले मालूम होतं," तो म्हणाला. "पोरानंच सांगतलं होतं. मी बी गप्प राह्यलो."

रस्सा करपायला लागला होता. शेवटी मंगलीनंच पुढं होऊन भांडं खाली उतरवलं.

"सांगतलं अन् लगन मोडलं तर?" तिनं विचारलं. राग उतरला होता, भीती तशीच होती. "पत्रिका वाटल्या बाई. पुरी पंचक्रोशी हासन."

"मोडू दे," रंभा म्हणाली. "लगन मोडलं तर पोरगा राह्यते. माह्या घरी लगन नाई मोडलं."

मंगलीनं पदर तोंडाला लावला. जेवायला कुणाचं मन नव्हतं, तरी रंभेनं ताटं वाढली. उपाशी पाहुणे दारातून घालवणं तिला जमणारं नव्हतं. मंगलीनं चार घास पाण्याबरोबर ढकलले. देवानंद मात्र नीट जेवला. मग त्यानं खिशातलं पाकीट काढलं, गोळी घेतली आणि आपलं ताट आपणच धुऊन ठेवलं. प्रफुलही असंच करायचा. मुखरू त्यांना गाडीपर्यंत सोडायला उठला. निघताना मंगलीनं रंभेचा हात धरला, घट्ट, आणि सोडला. ती मुलीच्या घरी जाऊन सांगेल की नाही, हे तिच्या तोंडावरून कळत नव्हतं.

दोघं पुढं निघाली. देवानंद मागं रेंगाळला. आल्यापासून तो बोलला नव्हता.

"मावशी," तो म्हणाला, "मले त्याले एकच गोष्ट इचाराची होती. दुसऱ्या कोनाले इचारता येत नाई."

"काय रे बापा?"

"गोळ्या खाऊन माहे आवाज कमी झाले. पन एक बारीक आवाज आहेच. काही वाईट नाई बोलत, नुसता राह्यते. मायले सांगतलं तर ते घाबरते. प्रफुलभाऊचे पुरे बंद झाले होते का? का त्याच्या बी संगं एखादा राह्यला होता?"

रंभेनं तोंड उघडलं. पोराला काय आवडायचं, कोणत्या कुशीवर झोपायचा, तलावाच्या कोणत्या कोपऱ्यात त्याला मरळ मिळायची, हे सगळं तिला माहीत होतं. पोरगा आता बरा आहे म्हणून डॉक्टरनं सांगितलं तेव्हा तिनं देवाला नारळ फोडला होता, आणि त्यानंतर त्या विषयाचा शब्द घरात काढू दिला नव्हता.

"नाई मालूम," ती म्हणाली. "मी त्याले कधी इचारलंच नाई."