पानावरची घाई

काचघरातली झाडं सांभाळणाऱ्या माईंना हौदावर झुकलेल्या पानांवर झाडबेडकाची अंडी दिसली. त्यांनी धाकट्या जावेला हाक मारली. ती वाकली आणि तिच्या धक्क्याने एक पान गदागदा हललं. बघता बघता अंडी फुटून पिल्लं टपाटप पाण्यात पडली.

"अगं बाई, माझ्यामुळे मेली!" जाऊ रडवेली झाली.

माई हौदात डोकावल्या. पिल्लं शेपट्या हलवत पोहत होती.

"मरतायत कसली! पान हललं तसं त्यांना वाटलं अंडी खायला साप आला, म्हणून वेळेआधीच उड्या टाकल्या."

"अंड्यात बसून एवढं कळतं?"

"बघू या की," म्हणत माईंनी शेजारच्या पानावर जोराची फुंकर घातली. पान डुललं, पण एकही अंडं फुटलं नाही.

"वाऱ्याला नाही भीत हो!" जाऊ पुटपुटली आणि स्वतःच फुंकर घालायला सरसावली.