पाच वह्यांतील एकच आकडा

सुज्ञ वाचकहो, आमच्या बेटावरील रोझो शहरातील एका शाळेच्या रसायनशाळेत, वरच्या वर्गांना रसायनशास्त्र शिकविणाऱ्या शिक्षकांचे आठ दिवसांचे प्रशिक्षण भरले होते. त्यातील चौथ्या दिवसाच्या एका तासाची हकिकत मी येथे सांगणार आहे. तीत कोणी मरत नाही, कोणाचे लग्नही होत नाही. तथापि चौदा मुलांचे वर्ष त्या एका तासाला टांगलेले होते, म्हणून ती सांगण्याजोगी आहे, असे माझे नम्र मत आहे.

युलाली डारू ही उत्तर किनाऱ्यावरील शाळेत अकरा वर्षे शिकवीत होती. त्या दिवशी ती नेहमीप्रमाणे डोंगरापलीकडून पहिल्या बसने आली, गरम कोको-टीचा पेला अर्धाच पिऊन तिसऱ्या बाकावर बसली, आणि प्रशिक्षक श्री. ग्रीनिज यांनी पाच वह्यांच्या प्रतींचा गठ्ठा तिच्यापुढे ठेवला. ग्रीनिज हे बार्बाडोसचे, परीक्षा मंडळाचे जुने तपासनीस. त्यांच्या शर्टाला घडीखेरीज दुसरी रेघ नसे.

ते म्हणाले, "ह्या यंदाच्याच प्रयोगवह्या आहेत. मुलांची नावं, शाळेचं नाव झाकलंय. तुम्ही गुण द्या, मग माझ्या गुणांशी ताडून बघू. चार वाजता मला ह्यांच्यावरचा अहवाल मंडळाला धाडायचाय, तेव्हा खेळ समजू नका."

युलालीने पहिली वही उघडली. दुसऱ्याच ओळीत तिला वाचावयास मिळाले, 'शुद्ध पाणी नसल्यामुळे पावसाचे उकळलेले पाणी वापरले.' तिच्या हातातील पेन्सिल जागच्या जागी थांबली. साऱ्या बेटावर असे पाणी वापरणारी शाळा एकच होती, आणि ते पाणी ती स्वतः घरच्या पातेल्यात उकळीत असे.

इतक्यात पुढच्या बाकावरून लिंटन तूलाँ खदखदून हसला. हा बेटावरच्याच पोर्ट्समथ गावचा शिक्षक. त्याची जीभ त्याच्या आधी वर्गात शिरे, असे लोक म्हणत.

"अहो, हे बघा तरी! पाच वह्या, आणि टायट्रेशनचं रीडिंग पाचही जणांचं तेवीस पॉइंट पस्तीस! एका आईची लेकरं नि एकच डोळा वाटून घेतला की काय?"

"डोळा मुलांचा नसेल," त्याच्या शेजारची टीचर हायसिंथ चष्म्यावरून पाहत म्हणाली, "पहिल्या बाकावरच्या हुशार पोरीचा असेल. बाकीच्यांनी मान लांब केली."

सगळे हसले. युलालीही हसली, कारण न हसणारी ती एकटीच राहिली असती.

ग्रीनिज मात्र हसले नाहीत. "ब्युरेटच्या नळीवरचा दुसरा दशांश डोळ्यांच्या अंदाजानं घ्यायचा असतो. तो पाच जणांचा एकसारखा येत नाही. ही नक्कल आहे. नमुन्याच्या पाच वह्यांत नक्कल सापडली, तर नियमाप्रमाणे त्या शाळेच्या सगळ्या मुलांचे प्रयोगाचे गुण रद्द होतात. प्रत्येकानं आपलं मत सांगायचं. मिस्टर तूलाँ?"

"नक्कल, सर. शंभर टक्के."

"टीचर हायसिंथ?"

"नक्कल. पण पाण्याचं खरं लिहिलंय बिचाऱ्यांनी."

"पाण्याचं खरं नि आकड्याचं खोटं! म्हणजे अधिकच वाईट," तूलाँ मध्येच म्हणाला.

मत एकेका बाकावरून पुढे सरकू लागले. खरे काय घडले, ते त्या खोलीत युलालीलाच ठाऊक होते. वादळात तिच्या प्रयोगशाळेचे छप्पर उडाले आणि नऊ ब्युरेटांपैकी एक उरली. त्या एकीवर चौदा मुलांनी पाळीपाळीने तोटी फिरवली, गुडघे वाकवून नजर समपातळीत आणली आणि आपापले रीडिंग सांगितले. कोणाचे तेवीस पॉइंट तीस, कोणाचे पंचेचाळीस. तेव्हा तिला भीती वाटली, की मंडळाला अशी विसंगती आवडणार नाही. एकमेकांशी जुळणारी रीडिंगे म्हणजे चांगला प्रयोग, असे ती स्वतः शिकली होती. परंतु तो नियम एकाच माणसाच्या तीन खेपांसाठी असतो, चौदा माणसांसाठी नव्हे, हे ती त्या घाईत विसरली आणि म्हणाली, "सगळे तेवीस पॉइंट पस्तीस लिहा." मुलांनी बाईंचे ऐकले. एवढाच त्यांचा गुन्हा.

"मिस डारू?"

"सर," ती म्हणाली, "कदाचित शाळेत ब्युरेट एकच असेल."

"असेल. मग एका ब्युरेटवर पाच डोळे, पाच आकडे."

"मुलांनी नक्कल केली नसेल. कुणी सांगितलं असेल त्यांना."

"कोणी?"

तूलाँ मागे वळला. "अगं युलाली, तू काय त्यांची वकील आहेस? कॉर्न्ड फिशसारखं खारवून ठेवलेलं प्रकरण आहे ते, धुतलं तरी वास जायचा नाही."

ह्या वेळी कोणी हसले नाही. ग्रीनिज यांनी अहवालाचा कागद पुढे ओढला आणि पेनाचे टोपण काढले. कागदावर दोनच चौकटी होत्या. 'विद्यार्थ्यांकडून नक्कल' हिच्यावर पेन टेकले. युलालीला वाटले, आता गप्प राहिले तर आपण सुरक्षित आहोत. मंडळ विचारील तेव्हा खांदे उडवता येतील. चौदा मुले मात्र ऑगस्टमध्ये निकालाचा कागद हाती घेऊन आपल्याकडेच बघतील, आणि बाईंनी सांगितले होते, असे त्यांतील एकही बोलणार नाही. तशीच मुले होती ती.

"थांबा, सर." तिचा आवाज तिलाच परका वाटला. "ती शाळा माझी. कुणी सांगितलं म्हणाल, तर मी. त्यांनी आपापलं वाचलं होतं, मी एकसारखं लिहायला लावलं."

तूलाँने मान खाली घातली.

ग्रीनिज यांनी एक कोरा कागद तिच्यापुढे सरकवला आणि ते म्हणाले, "हे लिहून सही कराल?"

"करते."

"परिणाम ठाऊक आहे? दोन वर्षं तुम्हाला स्वतःच्या मुलांना प्रयोगाचे गुण देता येणार नाहीत. मुख्याध्यापकांना पत्र जाईल. ह्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्रही मिळणार नाही."

"आणि मुलं?"

"मुलांना हा प्रयोग पुन्हा करावा लागेल. शनिवारी, इथंच, माझ्यासमोर. बाकीचे गुण राहतील."

तिने चार ओळी लिहून खाली सही केली. अक्षर वाकडे आले, पण नाव पूर्ण लिहिले. ग्रीनिज यांनी दुसऱ्या चौकटीत, 'शिक्षकाच्या सूचनेवरून' हिच्यात, खूण केली आणि कागदाची घडी घातली.

तूलाँ दाराशी तिला गाठून पुटपुटला, "वकील म्हणालो, ते मनाला लावून घेऊ नकोस. माझ्या दोन ब्युरेट आणतो शनिवारी."

"चौदा मुलं आहेत, लिंटन."

"मग पोर्ट्समथच्या नि इथल्या मिळून चौदा करतो, बाई! तोंडच्या वाफेपेक्षा काच तरी खरी असते माझी."

शनिवारी चौदाही मुले आली. नियमानुसार युलालीला आत प्रवेश नव्हता. ती व्हरांड्यातील बाकावर बसून राहिली. दार उघडे असूनही तिने आत मान वळवली नाही. दीड तासाने शर्मेन नावाची मुलगी सर्वांत आधी बाहेर आली. तिचा चेहरा उतरला होता.

"मिस, माझं तेवीस पॉइंट पन्नास आलं. बाकीच्यांचं कमी दिसत होतं. मी तरी तेच लिहिलं. चुकलं का?"

"मला नको विचारू, पोरी," युलाली म्हणाली, "मला आता गुण देता येत नाहीत." आणि त्या आठवड्यात प्रथमच ती मोकळेपणाने हसली.

काचेची भांडी धुता धुता जे पाहिले, ऐकले आणि पुढे युलालीबाईंच्या तोंडून कळले, ते यथामती लिहिले. माझे शिक्षण बेताचे आहे. भाषेत चूक झाली असल्यास ती माझी समजावी. आपण येथवर वाचलेत, याबद्दल मी आपला अंतःकरणपूर्वक ऋणी आहे.

हिलरी सेंट रोज
रसायनशाळेतील मदतनीस, रोझो