निळ्या टेपचं वर्तुळ

मिस्सा संपून सगळे कॉफीला गेले, तरी फ्रँकलिन चर्चमध्ये भिंती-कमानी बोटाने ठोकून बघत होता. मग बेसमेंटच्या हॉलमध्ये जाऊन त्याने फरशीवर निळ्या टेपचं भलंमोठं वर्तुळ चिकटवलं. दाराआडून पाहणाऱ्या आन्नाबायच्या मनात पाल चुकचुकली.

पोरगा टोरांटोत, नॉर्थ यॉर्कला आर्किटेक्टच्या ऑफिसात कामाला. आणि व्हिटबीतलं हे चर्च विकून इथे फ्लॅटांचा कॉन्डो टॉवर उठणार, अशी कुजबुज ख्रिसमसपासूनच होती. चर्च गेलं, की ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळातलं मराठी कीर्तनही गेलंच. आन्नाबाय वर्षभर त्याच्याच वाटेकडे डोळे लावून असायची.

"काय रे, मापं कसली घेतोस?"

"कीर्तनाची तयारी, आंटी. रविवारी मीच उभा राहतोय."

"कीर्तनाला टाळ लागतात, टेप नाही!"

तो नुसता हसला. बिल्डरची माणसं अशीच गोड हसतात, असं तिने भाचीला, डिम्पलला, फोनवर सांगितलं. मग एकेक करून सगळ्या बायकांना बजावलं, "त्याचं ध्रुपद कोणी मागून उचलायचं नाही. गाऊ दे मेल्याला एकट्याला."

रविवारी फ्रँकलिनने आख्यानाला फ्रान्समधलं नऊशे वर्षांपूर्वीचं कॅथेड्रल घेतलं. दगडी छपराचा भार भिंतींना बाहेर रेटतो, म्हणून भिंती जाडजूड. म्हणून खिडक्या चिमुकल्या. कमानी अर्ध्या भाकरीसारख्या गोल. "पाया खणणाऱ्याने छप्पर पाहिलं नाही," म्हणत त्याने ध्रुपद धरलं, "घर तुझे बांधू, प्रभू, घर तुझे..."

कोणी उचललं नाही. पेटी तेवढी वाजत राहिली. त्याने पुन्हा म्हटलं. बायका आन्नाबायकडे बघत राहिल्या.

घाम पुसत तो म्हणाला, "बरं, सहा जण या. टेपवर हात धरून उभे राहा." कडं जेमतेम जुळलं. "एवढा तिथला एकेक खांब! आपल्या वरच्या कमानीही तशाच गोल, पण ठोकून पाहिल्या तर नुसतं प्लास्टर, आत पोकळ. म्हटलं, इथे माणसंच उभी करू."

"आणि विकणार कधी?" आन्नाबायने भर कीर्तनात विचारलं.

"विकणार? आंटी, जूनमध्ये माझं लग्न आहे इथे! कॉन्डोच्या लिफ्टमध्ये लावू?"

हॉल खदखदून हसला. फ्रँकलिनने फाटल्या आवाजात पुन्हा ध्रुपद घेतलं. आन्नाबायने क्षणभर त्याच्याकडे रोखून पाहिलं, आणि डोळे मिटून वरच्या पट्टीत ते उचललं. मागोमाग सगळ्या बायकांनी.

कीर्तन आटोपल्यावर मात्र ती एकटीच वर गेली. बोटाने कमान ठोकली. ठक्‌ ठक्‌. पोकळच.

"एवढं तरी खरं बोलला," ती पुटपुटली आणि क्रूसाची खूण करून खाली चहाला गेली.