दाव्याचं टोक

बैल विकला तरी दावं विकायचं नाही, ही उकंडजींच्या घरची रीत. दावं घरी राहिलं की त्याला पुढचा बैल येतो, असं त्यांचे वडील म्हणत. म्हणून शेतात ट्रॅक्टर आल्यावर एकटा उरलेला बैल पाखऱ्या विकत न्यायला रामाकोना गावचा गुलाब आपलं नायलॉनचं दावं घेऊन आला. टोक उसवू नये म्हणून त्यानं ते पेटत्या काडीनं वितळवलं होतं.

उकंडजींनी त्यावरून अंगठा फिरवला. काचेसारखी टोकदार गाठ झाली होती.

"अशानं मान सोलून निघते ना बैलाची! अक्कल हाये का नाही?"

"काका, सारे लोक असंच करून राहिले आता."

"करू दे साऱ्यायले."

त्यांनी जळकं टोक सुरीनं छाटलं, सुतळीला मेण चोळलं आणि वेढ्याला वेढा भिडवत टोकावर घट्ट गुंडाळी केली. मग पाखऱ्याच्या गळ्यातलं आपलं दावं स्वतःच सोडलं. बैल वळणाआड जाईस्तोवर ते उभेच होते.

गुरांच्या कोठ्यात त्यांची बायको गिरजाबाई पाखऱ्याचं जुनं दावं खुंटीला टांगत होती. "अजून किती मजबूत हाये! दोन्ही टोकं जशीच्या तशी."

"आण इकडं."

त्यांनी त्या दाव्याच्या टोकावरची आपल्याच हातची गुंडाळी सुरीनं कापली.

"अवं, हे काय करून राहिले तुम्ही?"

दावं मांडीवर घेऊन उकंडजी एकेक पदर उलगडत बसले.