वर्ग सुटू नये म्हणून

"हऽऽट! हट मेले!" मेधाताई हातातली कणीक तशीच घेऊन मागच्या अंगणात धावल्या. पण उशीर झाला होता. दाण्यांच्या ताटलीत खार ऐसपैस बसली होती आणि चिमण्यांचा सगळा थवा भुर्रकन उडून शेजारच्या पत्र्यावर जाऊन बसला होता.

ओट्यावरच्या खुर्चीत बसलेले दादा लगेच उठले. धोतराचा सोगा सारखा केला, खुर्चीच्या पाठीला अडकवलेली छत्री घेतली.

"सुटली शाळा," ते म्हणाले. "निघतो मी. धारची बस चुकेल."

"दादा, अजून एक तास आहे," मेधाताई त्यांच्या पुढ्यात येऊन उभ्या राहिल्या. "ही मधली सुट्टी. बघा, येतीलच सगळे परत."

दादांनी पत्र्याकडे पाहिलं. दोन धीट चिमण्या तारेवर आल्या होत्या. खार पेरूच्या झाडावर पळाली तशी त्यातली एक खाली उतरली, मग दुसरी. दादा पुन्हा खुर्चीत बसले. मेधाताईंनी हाताला चिकटलेली कणीक हळूहळू सोडवली आणि त्याही क्षणभर पायरीवर टेकल्या.

दादा म्हणजे त्यांचे थोरले बंधू, भास्करराव मुळ्ये. धारच्या शाळेत त्यांनी उभी हयात गणित शिकवलं. वहिनी गेल्यावर ते तिथे एकटेच राहत होते. मग हळूहळू विसरायला लागले. आधी चष्मा, मग गॅस, मग गल्ली. मुलगा शंतनू पुण्यात नोकरीला. तो घाबरून गेला, तेव्हा मेधाताई देवासहून धारला गेल्या आणि दादांची बॅग भरून त्यांना आपल्या घरी घेऊन आल्या. त्या सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झाल्या होत्या. लग्न केलं नव्हतं. "मला काय, एक पेशंट कमी नि एक जास्त," असं त्या शंतनूला म्हणाल्या खऱ्या, पण दादांना त्यांनी कधी पेशंटसारखं वागवलं नाही.

पहिले काही महिने फार वाईट गेले. दादा दर थोड्या वेळाने उठायचे आणि धारला निघायचे. दोनदा तर नजर चुकवून गेलेही. दुसऱ्या खेपेला ते बसस्टँडवर सापडले, पायात एकच चप्पल. त्या दिवशी शंतनू फोनवर म्हणाला, "आत्या, तू थकलीयस. इंदूरला एक चांगलं केअर होम आहे. परत असं झालं तर मी बाबांना तिथे ठेवणार."



त्याला उत्तर शेवटी चिमण्यांनी दिलं. एकदा तांदूळ निवडून झाल्यावर त्यांनी सुपातली कणी अंगणात टाकली. चिमण्या उतरल्या. दादा निघण्याच्या बेतात होते, ते दारातच थबकले. बराच वेळ बघत राहिले. मग खुर्ची ओढून बसले आणि शाळेतल्या त्या जुन्या, खणखणीत आवाजात म्हणाले, "मालोजी, मागे काय बघतोस? पाटीवर बघ. तुकाराम, रेटारेटी नको."

त्या दुपारी ते उठले नाहीत. चिमण्या होत्या तोवर वर्ग चालू होता. आणि वर्ग चालू असताना मास्तर उठून जात नाहीत.

मेधाताईंनी दुसऱ्याच दिवशी बाजारातून बाजरी आणि राळे आणले. मातीची ताटली पेरूच्या फांदीला टांगली. आठवडाभर छान गेलं. मग खार आली.

खार आली की पाखरं उडायची, पाखरं उडाली की शाळा सुटायची, आणि शाळा सुटली की दादा धारला निघायचे. इतकं सरळ होतं ते. त्यामुळे खारीला ताटलीपासून लांब ठेवणं, हे मेधाताईंचं दिवसाचं पहिलं काम होऊन बसलं.

आधी त्यांनी ताटली झाडावरून काढली आणि अंगणात लोखंडी पाइप रोवून त्यावर बसवली. खार पाइपावर सरसर चढली. रस्त्यापलीकडे गणपतचं वेल्डिंगचं दुकान होतं. तो म्हणाला, "पाइप को ग्रीस लगा दो सिस्टरजी. घसरून पडेल साली."

"आणि ते ग्रीस पाखरांच्या पंखांना लागलं तर? नको रे भिया."

कुणीतरी दाण्यांत तिखट कालवायला सांगितलं. पाखरांना तिखट लागत नाही म्हणे, खारीला लागतं. मेधाताईंनी तेही एकदा केलं. खारीनं दोन दाणे खाल्ले आणि मग भिंतीवर बसून ती दोन्ही हातांनी तोंड चोळत राहिली. कितीतरी वेळ चोळत राहिली. मेधाताईंना ते बघवेना. त्यांनी सगळी बाजरी चाळणीत घेऊन नळाखाली धुतली, वाळत घातली आणि भिंतीवर पाण्याची वाटी नेऊन ठेवली.

शेवटी त्यांनी घरातली स्टीलची परात गणपतकडे नेली. मधोमध भोक पाडून ती पाइपावर उपडी अडकवून घेतली, छत्रीसारखी. खार वर चढायची, परातीला डोकं आपटायची, कड पकडायला जायची आणि गुळगुळीत स्टीलवरून खाली यायची. मग तिने पेरूवरून उडी मारायला सुरुवात केली. पाइप झाडापासून लांब गेला. मग ती कपडे वाळत घालायच्या दोरीवरून आली. दोरी निघाली, कपडे गच्चीवर गेले. गुडघे दुखत असूनही मेधाताई रोज बादली घेऊन जिना चढू लागल्या. मग कबुतरं आली. त्यांच्यासाठी गणपतने ताटलीभोवती जाळीचा पिंजरा करून दिला. चिमणी, मुनिया आत शिरेल आणि कबुतराची फक्त मान आत जाईल एवढी घरं ठेवली. उंदरांना वास लागू नये म्हणून मेधाताई दिवेलागणीला खाली सांडलेला दाणा झाडून घेत.

आणि खारीसाठी त्यांनी मागच्या भिंतीवर शेंगदाणे ठेवायला सुरुवात केली.

कामाला येणाऱ्या गुड्डीला हे काही पटेना. "जीजी, दुश्मन के दाना कायको खिलाओ?"

"अगं, वॉर्डात पेशंटला बघायला माणसं येतात ना, त्यांना नुसतं हाकललं की ती खिडकीतून शिरतात," मेधाताई म्हणाल्या. "त्यांच्यासाठी बाहेर बाकडं टाकावं लागतं."

खार भिंतीवर रमली. दिवेलागणीला पाखरं आपसूक जात. तेव्हा दादा उठत, आणि त्या वेळी मेधाताई त्यांना अडवत नसत. चपला घालून त्या सोबत निघत. पुढच्या फाटकातून बाहेर, कोपऱ्यावरच्या दुधाच्या दुकानावरून, देवळाला वळसा घालून, मागच्या बोळातून आत. "आलं घर, दादा," त्या म्हणत. दादा समाधानाने छत्री अडकवत, हातपाय धूत. रोज त्यांना धार गाठून द्यायचं, एवढं करून मेधाताई स्वयंपाकाला लागत.

पावसाळा गेला, हिवाळा गेला. दादा एकदाही हरवले नाहीत.

फाल्गुनात शंतनूचा फोन आला. "आत्या, मी शनिवारी येतोय. त्या होममध्ये जागा झालीय. आपण बोलू समोरासमोर."

"ये. बघ तरी एकदा त्यांना," एवढंच मेधाताई म्हणाल्या.

शनिवारी सकाळी टेकडीवरची वानरं उतरली. काळतोंडी, लांब शेपट्यांची, अख्खी टोळी. आधी पेरूवर, मग पत्र्यावर धडाधड, आणि मग सरळ अंगणात. एक दांडगा नर पाइपावर झेपावला. त्याच्या वजनाने पाइप वाकला. परात खणखणत ओट्यापर्यंत आली, पिंजरा चेपला, दाणे उधळले. मेधाताई काठी आपटत होत्या. आरडाओरडा ऐकून गुड्डी पुढून झाडू घेऊन धावत आली. दोघींनी मिळून वानरांना पिटाळलं तेव्हा मेधाताईंच्या हाताला जाळी लागून रक्त आलं होतं.

त्यांनी वळून पाहिलं. खुर्ची रिकामी होती. छत्री नव्हती.

"गुड्डी, पुढचं फाटक?"

गुड्डीने तोंडावर हात घेतला. "जीजी... खुल्लो रई गयो."

मेधाताई बसस्टँडवर गेल्या. गुड्डी टेकडीच्या रस्त्याने गेली, गणपत दुकान उघडं टाकून स्कूटरवर भोपाळ चौराह्याकडे गेला. धारला इंदूरवरूनच जावं लागतं, म्हणून बसस्टँडवर मेधाताई प्रत्येक इंदूरच्या बसमध्ये चढून मागपर्यंत जाऊन आल्या. दादा कुठेच नव्हते. शंतनूला फोन लावायला हवा होता. त्यांनी नंबर काढला आणि बराच वेळ त्या तशाच उभ्या राहिल्या. मग लावला. तो उचलला गेला नाही.

त्या वेळी शंतनूची टॅक्सी इंदूरहून येत होती. देवासच्या अलीकडे, कारखान्यांच्या बाजूला, रस्त्याच्या कडेने धोतर नेसलेला, छत्री घेतलेला एक म्हातारा भर उन्हात समोरून चालत येताना त्याला दिसला. गाडी पुढे गेली आणि मग त्याने ओरडून थांबवली.

तो धावत मागे आला. दादांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. चेहऱ्यावर ओळख नव्हती, पण अदब होती.

"भिया, धारकडे जाता का? बस मिळेना आज."

शंतनूने हात करून टॅक्सी मागे बोलावली. "हो... बसा ना," तो म्हणाला.

गाडी देवासकडेच चालली होती, दादांना त्याचं काही नव्हतं. ते मांडीवर छत्री आडवी घेऊन नीट बसले. शंतनूने पाण्याची बाटली उघडून दिली. ते पाणी प्यायले.

"घरी कोण असतं आपल्या?" शंतनूने विचारलं.

"बहीण. दवाखान्यात नोकरी करते. फार थकते बिचारी." दादा थोडे वाकले, आवाज खाली आणला. "तिला सांगू नका हं, मी वर्ग अर्धा सोडून आलो. वानरं शिरली हो वर्गात. मुलं पळाली सगळी. सुट्टी देणं भाग होतं."

"आणि मुलगा?"

"आहे की. हुशार आहे. लांब असतो." दादा खिडकीबाहेर बघू लागले. "त्याला सवड होत नाही. आपण कशाला बोलवायचं?"

शंतनूच्या खिशातला फोन वाजत होता, तो त्याने काढला नाही.

टॅक्सी दाराशी थांबली तेव्हा मेधाताई नुकत्याच परतून फाटकाला धरून उभ्या होत्या. त्यांनी आधी दादांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, दोन्ही चपला पाहिल्या, मनगट धरून नाडी पाहिली. मग शंतनूकडे पाहिलं.

"आज माझ्याकडून हरवले रे ते," त्या म्हणाल्या. "तू म्हणशील तसं करू. मला बोलायला तोंड नाही."

"आत्या, आपण फाटकाला वरून कडी..."

"कडी नाही." त्यांचा आवाज एकदम करडा झाला. "कोंडलेला माणूस महिन्याभरात पेशंट होतो. मी पाहिलेत तसे. न्यायचं तर ने, पण इथे कडी नाही लागणार."

त्यांनी दादांना खुर्चीत बसवलं, हातात ताकाचा पेला दिला आणि त्या अंगणात गेल्या. जमिनीत तिरका झालेला पाइप दोन्ही हातांनी धरून, पायाने रेटून सरळ करू लागल्या. पाइप हलेना. शंतनू बघत राहिला. वाकलेला पाइप, पोचे गेलेली परात, चेपलेली जाळी, विखुरलेली बाजरी. गाडीतलं बोलणं त्याला आता कुठे कळायला लागलं. त्याने बाह्या सरसावल्या.

"तू सोड. मी ओढतो."

"एकदम नको ओढूस, मोडेल. मी खालून धरते, तू हळू रेट."

दोघांनी पाइप सरळ केला. मेधाताईंनी पक्कड आणली आणि जाळीच्या तारा एकेक करून उघडल्या. ताटली बसली. दाणे पडले. दोघंही ओट्याच्या कडेला येऊन बसले.

बराच वेळ कुणी आलं नाही. दादांची चुळबुळ सुरू झाली. त्यांनी छत्री हातात घेतली. शंतनू अर्धवट उठला, पण मेधाताईंनी त्याच्या हातावर हात ठेवला. मग तारेवर एक चिमणी आली. मान वाकडी करून तिने पाहिलं आणि जाळीत शिरली. तिच्यामागून तीन-चार, मग भराभर सगळ्या.

दादांनी छत्री खाली ठेवली. पाठ ताठ झाली. "बसा," ते म्हणाले. "कालचं गणित अपुरं राहिलं होतं."

आणि ते शिकवू लागले. त्रैराशिक होतं. रीत बिनचूक होती, एकही पायरी चुकली नाही. शंतनूने लहानपणी जेवताना, शाळेत जाताना, बोलणी खाताना जो आवाज ऐकला होता, तोच हा आवाज होता. गेल्या दोन वर्षांत फोनवर तो त्याला एकदाही ऐकू आला नव्हता.

तो उठून घरात गेला. इंदूरच्या केअर होममधल्या माणसाशी तो फोनवर बोलताना मेधाताईंना बाहेर ऐकू आलं. "नाही, आज नाही. नाही, पुढच्या आठवड्यातही नाही. ती जागा दुसऱ्या कुणाला द्या."

बाहेर येऊन तो म्हणाला, "मी पंधरा दिवस इथूनच काम करतो. नंतर गुड्डीबाई दिवसभर थांबतील का, विचारतो. आणि यापुढे दर महिन्याला मी येणार. तू एकटीने नाही करायचं हे."

मेधाताईंनी मान हलवली. बोलल्या मात्र, "पोहे करू का तुला? सकाळपासून पोटात काही नसेल."

दुसऱ्या दिवशी दुपारी शंतनू ओट्यावर दादांजवळ मांडीवर लॅपटॉप घेऊन बसला होता. घरातून बराच वेळ कसलाच आवाज आला नाही म्हणून तो आत डोकावला. मेधाताई पंगतीतल्या माणसासारख्या भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसल्या होत्या आणि बसल्या बसल्याच त्यांना गाढ झोप लागली होती. पुढ्यात निवडायला घेतलेली मेथी अर्धीच होती. पायाच्या घोट्यांना सूज होती, बोटांवर तारेचे ओरखडे होते, तोंड लहान मुलासारखं किंचित उघडं होतं.

दारावर थाप पडली. गुड्डी भांड्यांना आली होती. शंतनू चवड्यांवर चालत गेला, दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं. गुड्डीने आत वाकून पाहिलं. चपला हातात घेऊन ती आवाज न करता आत आली, भिंतीशी टेकली, आणि मेधाताईंच्या पुढ्यातली मेथी हळूच आपल्याकडे ओढून निवडू लागली.