मुसैबच्या हाती धाडलेलं

केसपेपरवर छापलं होतं: एकत्र राहिल्याचा काळ.

हुमेरानं बोटं मोजली. लग्नाला आठ वर्षं. नवरा अर्शद कुवेतला, दोन वर्षांनी एकदा दोन महिन्यांची रजा.

"आठ महिने," ती म्हणाली. मुंबईच्या डॉक्टरांनी आधी तिच्याकडे बघितलं, मग लिहिलं.

मागील गर्भ: तीन. तिन्ही दहाव्या आठवड्यात गेले.

कारण:

(इथं गावच्या, महाडच्या डॉक्टरीणबाईंनीही काही लिहिलं नव्हतं.)

"पोटातल्या जिवात अर्धा वाटा नवऱ्याचा," डॉक्टर रजेवर आलेल्या अर्शदकडे बोट करून म्हणाले. "तो तुमच्या शरीराला परका वाटत असावा. यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी तुम्हाला टोचू. ओळख पटली तर पटली. खात्री देत नाही."

"कशी पटायची?" सासू, नुरजहाँ, मध्येच बोलली. "विमानतळावर मलाच हा वळखू येत नाय. हिच्या पोटाला काय येनार?"

अर्शद हसला. हुमेराही हसली.

इंजेक्शनची जागा: डावा हात. लालभडक गांधी उठल्या. परतीच्या एसटीत अर्शदनं त्यांवरून बोट फिरवलं.

"हा मी हाय गो."

"लय खाजतोस."

पुढील डोस: गर्भ राहिल्यावर, आठव्या आठवड्यात. रक्त ताजं, त्याच दिवशी काढलेलं.

रजा संपली. अर्शद गेला. आणि त्यानंतर कळलं, दिवस गेलेत.

सातव्या आठवड्यातल्या शुक्रवारी त्याचा फोन आला. कंपनी पासपोर्ट देत नव्हती. "घाबरू नको. धाडतो."

आठ वर्षं तो असंच सगळं धाडत आला होता. ब्लँकेटं, अत्तर, स्वतःच्या आवाजाच्या कॅसेटी. गावी येणारा कुणी असला की त्याच्या हाती.

या वेळी रजेवर महाडला निघालेला मुसैब. कामगारांच्या कॅम्पातल्या कंपाउंडरनं रक्त काढून दिलं. ते थर्मासात, भोवती बर्फ. काय आहे हे सांगायची अर्शदला लाज वाटली. "औषध हाय. हुमेराला दे," एवढंच तो बोलला.

मुसैब मुंबईत उतरला. त्याची टॅक्सी डॉक्टरांच्या दवाखान्यावरूनच गेली. तो महाडला आला, झोपला, दावत खाल्ली आणि तिसऱ्या दिवशी ब्लँकेटाबरोबर थर्मास घेऊन दारात उभा राहिला.

"भाभी, लय जपून आनलाय हां."

तिनं झाकण फिरवलं. वास आला. नुरजहाँनं पदर नाकाला लावला, मग काय आहे ते उमगून तोच डोळ्यांना.

तरी हुमेरा थर्मास कुशीत धरून डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी आत डोकावलं. "यातलं काही जिवंत नाही, बाळ," त्या म्हणाल्या.

चौथा गर्भ: तोही दहाव्या आठवड्यात गेला.

मधले शुक्रवार लाइन लागली नव्हती. या शुक्रवारी फोन.

"पोचलं ना?"

"पोचलं."

"टोचलं?"

"चौथा पन गेला," ती म्हणाली. त्याला कळलं. कळल्यावर तो खूप बोलत सुटला: मुसैबला सांगायला हवं होतं, बर्फ कमी पडला असेल, पुढच्या टायमाला मोठा थर्मास, विमानतळावरनं थेट...

"अर्शद," ती म्हणाली. "रक्त नको. तू ये."

"करार संपू दे ना गो."

"कवा?"

"बावीस महिने."

तिनं रिसीव्हर खाली ठेवला नाही. सासूच्या हातात दिला आणि आत गेली. मागून नुरजहाँचा आवाज येत होता. "बोल रे. मी हाय. मी, तुझी मा."